मुलींच्या आरोग्य नोंदींत दोन रकाने वाढवा : आरोग्य आणि शिक्षण विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, शालेय शिक्षण व क्रीडा विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळकरी मुलींची शरीरघडण, वयात येण्याचं वय आणि शालेय आरोग्य तपासणीतल्या नोंदी

महोदय / महोदया,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. व्हरांड्यात वजनकाटा मांडतात, भिंतीवर उंचीची पट्टी असते, मुली रांगेत उभ्या राहतात आणि कार्डावर बीएमआयचा (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) एक आकडा चढतो. त्या आकड्यावरून शेरा पडतो : कृश, योग्य, जादा वजन, स्थूल. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हे चालून जातं. चौथी ते आठवीच्या मुलींसाठी चालत नाही. याच चार-पाच वर्षांत मुलीच्या अंगातली चरबी, स्नायू, हाडं आणि उंची यांचा वेग वेगवेगळा असतो आणि बीएमआय हे सगळं एकाच भांड्यात ओततो.

दोन मुली डोळ्यांसमोर आणा. दोघी पाचवीत, दोघींचं वय साडेदहा. पहिलीची उंची १३४ सेंटिमीटर, वजन ३३.३ किलो. दुसरीची उंची १४५ सेंटिमीटर, वजन ३९ किलो. दोघींचा बीएमआय साडेअठरा. कार्डावर दोघी जुळ्या. प्रत्यक्षात पहिलीचे हातपाय काटकुळे आहेत, पोट पुढे आलंय आणि वयात येण्याची खूण अजून एकही नाही. दुसरी गेल्या सहा महिन्यांत चार सेंटिमीटर वाढली आहे, तिची पाळी यायला वर्षभर उरलंय, आणि तिच्या कमरेवर-मांड्यांवर बसलेली चरबी हा त्या वाढीचाच भाग आहे. पहिलीच्या पोटाचा घेर आणि आहार तपासायला हवा. दुसरीला पोटभर आणि नीट खायला मिळायला हवं. पण आकडा एकच असल्यामुळे दोघींना सल्लाही एकच मिळतो : वजनाकडे लक्ष द्या. दुसऱ्या मुलीच्या बाबतीत हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, तो घातक आहे.

म्हणून आमची मागणी दोन रकान्यांची आहे. पहिला : मागची उंची, आजची उंची आणि मधले महिने. दुसरा : वयात येण्याची पहिली खूण, म्हणजे स्तनांची वाढ, कोणत्या महिन्यात दिसली आणि पाळी कोणत्या महिन्यात सुरू झाली. पहिला शाळेच्या कार्डावर, दुसरा पथकातल्या परिचारिकेच्या वहीत. तो वेगळा का, ते शेवटी येईल. पाळीला उशीर आहे का, ती अनियमित आहे का, हे पथकाने विचारलं तरी त्या उत्तराची वजनाच्या शेऱ्याशी सांगड घातली जात नाही. ही सांगड का घालायला हवी, ते जरा सविस्तर सांगतो.

चरबी आणि वयात येणं यांचा संबंध असल्याची शंका जुनी आहे. १९७० मध्ये हार्वर्डच्या रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल यांनी मांडलं की पाळी ठरावीक वयाला नव्हे, ठरावीक वजनाला येते : सुमारे ४७-४८ किलो. पुढे फ्रिश यांनी ते चरबीच्या प्रमाणावर नेलं. पाळी सुरू व्हायला अंगात किमान १७ टक्के चरबी लागते आणि ती नियमित राहायला सुमारे २२ टक्के. हे आकडे आजही व्यायामशाळांच्या भिंतींवर आणि प्रशिक्षकांच्या तोंडी आढळतात. ते उंबरठा म्हणून वापरू नयेत. मुळात ती चरबी मोजलेली नव्हती, उंची-वजनावरून सूत्राने काढलेली होती. शिवाय सारख्याच चरबीच्या दोन मुलींमध्ये एकीला पाळी आलेली आणि दुसरीला नाही, हे सर्रास दिसतं. आपल्याकडे चाळीस किलोच्या आत पाळी आलेल्या मुली कुठल्याही शाळेत सापडतील.

फ्रिश यांचा आकडा टिकला नाही, पण दिशा बरोबर निघाली. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधलं. चरबीच्या पेशी हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात सोडतात आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतात. ज्यांच्यात लेप्टिन जन्मतःच बनत नाही ती मुलं प्रचंड लठ्ठ असतात आणि तरीही वयात येत नाहीत. केंब्रिजच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये अशाच एका नऊ वर्षांच्या मुलीला लेप्टिन दिल्याचं प्रसिद्ध केलं. औषध सुरू झाल्यावर तिच्या मेंदूतून बीजांडकोशांना जाणारे रात्रीचे संप्रेरक-इशारे सुरू झाले. पण त्याहून लहान मुलांना तेच औषध दिल्यावर ती चौथ्या-पाचव्या वर्षी वयात आली नाहीत. म्हणजे लेप्टिन परवानगी देतं, ढकलत नाही. घरात धान्य आहे एवढं ते सांगतं. पंगत कधी बसवायची ते मेंदू आणखी बऱ्याच गोष्टी पाहून ठरवतो. २०२१ मध्ये केंब्रिजच्याच गटाने दाखवलं की मेंदूतला एमसी३आर नावाचा संदेश-ग्राहक (रिसेप्टर) बिघडलेल्या व्यक्ती उशिरा वयात येतात आणि त्यांच्या अंगात स्नायूंचं वस्तुमानही कमी असतं. हिशेब फक्त चरबीचा नाही, सगळ्या बांध्याचा आहे.

जास्त चरबी असलेल्या मुलीत आणखी दोन गोष्टी घडतात. चरबीतलं अ‍ॅरोमटेज हे विकर (एन्झाइम) पुरुषी संप्रेरकांचं इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर करतं. आणि रक्तातलं इन्सुलिन चढलेलं राहिलं की लैंगिक संप्रेरकं बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं, त्यामुळे मोकळं इस्ट्रोजेन वाढतं. आता उलटी बाजू. एकदा बीजांडकोश जागे झाले की इस्ट्रोजेन स्वतःच नितंब आणि मांड्यांवर चरबी साठवतं. लहानपणी सोळा-अठरा टक्क्यांच्या आसपास असलेली चरबी वयात येऊन संपेपर्यंत पंचवीसच्या पुढे जाते आणि ते निकोप आहे. म्हणजे चरबीमुळे वयात येणं लवकर होतं, आणि वयात येण्यामुळे चरबी वाढते. वयात येण्याचा टप्पा कुठेच लिहिलेला नसेल तर यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे कोणत्याही तज्ज्ञाला त्या एका आकड्यावरून सांगता येणार नाही.

महाराष्ट्रात हे आणखी अवघड आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांचं वजन कमी पडलं ते मुख्यतः स्नायू आणि अवयवांत. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं पण आतून चरबीदार बाळ. हेच मोठेपणी कसं दिसतं, त्याचं उदाहरण २००४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय २२.३, मात्र चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यांत जादा वजन आणि स्थूलतेच्या रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळवून आखल्या आहेत. पथकांनी हेच तक्ते वापरावेत. परदेशी रेषांवर ‘योग्य’ ठरलेली मुलगी आपल्या रेषेवर ‘योग्य’ असेलच असं नाही.

कुपोषणातून झपाट्याने बाहेर येण्याचाही परिणाम होतो, आणि त्याची सर्वात स्पष्ट नोंद आपल्याच मुलींवरून झाली आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. इथे असताना त्या खुजलेल्या होत्या. तिथे भरपूर अन्न मिळाल्यावर वेगाने वाढल्या. त्यांच्या पहिल्या पाळीचं मध्यक वय ११.६ वर्षं आलं आणि एकीला तर ७.३ व्या वर्षी पाळी आली. लवकर वयात आल्याने हाडांची टोकं लवकर जुळली आणि बऱ्याच जणी बुटक्या राहिल्या. यातून ‘कुपोषित मुलीला खाऊ घालू नका’ असा अर्थ कुणी काढू नये. खाऊ घालायलाच हवं, आणि ते पहिल्या दोन वर्षांत. सहाव्या-सातव्या वर्षी, तेही तेल-साखर-मैद्याने वजन चढवलं तर उंचीपेक्षा चरबी आधी भरते. अमेरिकेतल्या मुलींच्या एका अभ्यासात तिसऱ्या वर्षीचा बीएमआय आणि तिथून पहिलीत जाईपर्यंत त्यात झालेली वाढ, या दोन्हींचा संबंध लवकर वयात येण्याशी दिसला. हे वय अंगणवाडीचं आहे. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता पहिलीच्या प्रवेशाबरोबर शाळेच्या कार्डाला टाचला गेला पाहिजे. वेगळा खर्च नाही, एक पानच जोडायचं आहे.

सगळं खापर चरबीवर फोडणंही चूक. कोपनहेगनमध्ये १९९१ च्या गटात स्तनांची वाढ सुरू होण्याचं सरासरी वय १०.८८ होतं, २००६ च्या गटात ९.८६. पूर्ण एक वर्ष अलीकडे, आणि बीएमआयचा हिशेब धरूनही हा फरक पुसला गेला नाही. पहिली पाळी मात्र १३.४२ वरून १३.१३ वर, म्हणजे तीन-साडेतीन महिनेच सरकली. पहिली खूण लवकर दिसली म्हणजे पाळीही तेवढीच लवकर येणार, असं नसतं. आनुवंशिकता असते, मेंदूतली कारणं असतात, काही मुलींमध्ये एमकेआरएन३ या जनुकातला बिघाड असतो आणि तो वडिलांकडून आलेला असेल तरच बाधतो. टाळेबंदीनंतर लवकर वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचं इटलीतून आणि पुण्यातूनही प्रसिद्ध झालं. त्यात वजन, बैठी दिनचर्या, झोप, ताण यांतलं नेमकं किती कशाचं, ते वेगळं काढणं सोपं नाही.

आता मोजमापाकडे येतो, कारण मोजमाप चुकलं तर वरचं सगळं ज्ञान वाया. उंचीत होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. मुलीच्या दोन वेण्या वर दुमडून रिबिनीने बांधलेल्या असतात, आडवी पट्टी त्यांच्यावर टेकते आणि दोन सेंटिमीटर फुकट मिळतात. भिंतीला खाली फरशीची पट्टी असते, त्यामुळे टाच भिंतीपासून बोटभर पुढे राहते आणि मुलगी मागे रेलते. कागदी टेप वरून चिकटवलेली असते, तिचा शून्य जमिनीला लागत नाही. चाळीस किलोच्या मुलीची उंची १४५ ऐवजी १४३ लिहिली तर बीएमआय १९.० चा १९.६ होतो आणि सीमेवरची मुलगी पलीकडे जाते. उपाय साधा आहे. वेण्या सोडायच्या, चपला-मोजे काढायचे, टाचा-नितंब-पाठ भिंतीला, कानाचं भोक आणि डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत, पट्टी केस दाबून डोक्याला टेकवायची, वाचन मिलिमीटरपर्यंत घ्यायचं आणि मुलीला खाली उतरवून पुन्हा उभी करून दुसरं वाचन घ्यायचं. दोहोंत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा फरक असेल तर तिसरं. उंची दिवसभरात सेंटिमीटरभर कमी होते, म्हणून प्रत्येक फेरीत ती दिवसाच्या त्याच वेळी घ्यावी. वजनकाटा सपाट फरशीवर ठेवून दर वीस मुलींनंतर पाच किलोच्या वजनाने तपासावा.

फेऱ्या दोन हव्यात : शाळा उघडल्यावर जून-जुलैत आणि मग डिसेंबर-जानेवारीत. तीन महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या उंचीवरून वेग काढू नये. मोजणीतली चूकच वाढीएवढी असते. वयात येण्याआधी मुलगी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. ऐन झपाट्यात आठच्या आसपास. हा झपाटा पाळीच्या आधी येऊन जातो, हे पालकांना आणि शिक्षकांनाही माहीत नसतं. पाळी सुरू झाल्यावर साधारण पाच ते सात सेंटिमीटरच उरतात. म्हणून पाळी आल्यावर ‘आता उंची वाढवायचं काहीतरी द्या’ म्हणून पावडरींवर पैसे घालणं व्यर्थ आहे. लक्ष द्यायची वेळ त्याआधीची दोन-अडीच वर्षं होती.

चरबीच्या मोजणीसाठी शाळेत यंत्र आणू नका. पायाखाली धातूच्या पट्ट्या असलेले जे काटे विकले जातात, ते विजेचा सौम्य प्रवाह सोडून अंगातलं पाणी अंदाजतात आणि त्यावरून चरबी काढतात. त्यांची सूत्रं बहुधा प्रौढांची असतात. मुलांच्या स्नायूंत पाण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे आकडा चुकतो. मुलगी पाणी पिऊन आली, पळून आली, तिची पाळी चालू आहे, की आकडा पुन्हा हलतो. शाळेत न ताणणारी मोजपट्टी पुरे : बरगडीची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल, म्हणजे १४० सेंटिमीटरच्या मुलीत ७० च्या वर, तर बीएमआय काहीही असो, तिची पुढची तपासणी हवी. त्वचेची घडी मोजणारा चिमटा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे पथकाने पुढे पाठवलेल्या मुलांची तपासणी होते तिथे ठेवावा. दंडाच्या मागच्या बाजूला मधोमध आणि पाठीत खांद्याच्या फऱ्याखाली, प्रत्येकी तीन वाचनं. दोन्हींची बेरीज ३५ मिलिमीटरपर्यंत असेल तर मुलींसाठीचं प्रचलित सूत्र असं : बेरीज गुणिले १.३३, त्यातून बेरजेचा वर्ग गुणिले ०.०१३ वजा, आणि शेवटी २.५ वजा. बारा आणि दहा मिळून बावीस मिलिमीटर आले तर साडेवीस टक्के. सूत्र अमेरिकी मुलांवरून बेतलेलं आहे. तेव्हा टक्क्यांबरोबर मूळ मिलिमीटरही लिहून ठेवा, पुढच्या खेपेला तुलना त्यांचीच खरी.

वयात येण्याची पहिली खूण ओळखताना सर्वात जास्त घोळ होतो, म्हणून हे स्पष्ट लिहितो. शाळेत कुणीही मुलीची छाती तपासू नये. ही तपासणी दवाखान्यात, आईच्या उपस्थितीत, मुलीच्या होकाराने, स्त्री-डॉक्टरांनी करायची आहे. नुसत्या नजरेने ती करताही येत नाही. स्थूल मुलीत छातीवर साठलेली मऊ चरबी आणि खरी वाढ सारखीच दिसते. खरी वाढ हाताला स्तनाग्राखाली बटणासारखी टणक, किंचित दुखरी चकती म्हणून लागते. चरबीत अशी चकती नसते. १९९७ मध्ये अमेरिकेत सतरा हजारांवर मुलींची जी गाजलेली पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यावरचा मुख्य आक्षेपही हाच होता की बहुतेक मुलींची तपासणी नजरेनेच झाली होती. दुसरी गोष्ट : ही चकती पुष्कळदा आधी एकाच बाजूला येते आणि दुसरी बाजू काही महिन्यांनी. घरचे गाठ समजून घाबरतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलीतल्या अशा ‘गाठी’त सुई घालणं किंवा ती काढून टाकणं म्हणजे त्या बाजूचा स्तन कायमचा गमावण्याचा धोका पत्करणं. हे वाक्य प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावं, अशी आमची कळकळीची विनंती आहे. पाळीच्या आधी सहा ते बारा महिने जाणारं, वास आणि खाज नसलेलं पांढरं पाणीही स्वाभाविक असतं. त्यासाठी प्रतिजैविकं देऊ नयेत.

कुणाला पुढे पाठवायचं? आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ सुरू झालेली मुलगी. दहाच्या आत पाळी आलेली. आठच्या आत वर्षाला सातहून जास्त सेंटिमीटर वाढणारी. आणि दुसऱ्या टोकाला : तेरा पूर्ण होऊनही एकही खूण नसलेली, पंधरा पूर्ण होऊनही पाळी नसलेली, किंवा पहिल्या खुणेला तीन वर्षं उलटून पाळी न आलेली. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहता येतं आणि सकाळच्या रक्तात एलएच (मेंदूकडून बीजांडकोशांना इशारा देणारं संप्रेरक) तपासता येतं. सहाच्या आतल्या मुलीत मेंदूचा एमआरआय टाळू नये. वयात येणं थांबवणारी इंजेक्शनं खरोखर गरज असलेल्या, मुख्यतः आठच्या आत सुरुवात झालेल्या मुलींसाठी आहेत. साडेदहाव्या वर्षी नैसर्गिकपणे पाळीकडे निघालेल्या मुलीला ती देऊन उंचीत काही मिळत नाही.

उशीर होणाऱ्या मुलींची उपेक्षा जास्त होते, कारण ‘अशक्त आहे, अंग धरलं की येईल’ हे उत्तर तयार असतं. कधी ते खरंही असतं. पण विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे उशीर होतो. थायरॉइड असतो, गव्हाच्या ग्लुटेनमुळे आतडी बिघडलेली असतात. आणि साधारण दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला टर्नर सिंड्रोम, म्हणजे एक एक्स गुणसूत्र नसण्याचा किंवा अपुरं असण्याचा जन्मजात विकार असतो : बुटकी, हुशार, पंधराव्या वर्षीही बालिकेसारखी. ‘आमचं खानदानच ठेंगणं’ म्हणून ती सोळा-सतराची झाल्यावर दवाखान्यात येते, तेव्हा उंचीसाठी करता येण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. उंचीच्या तक्त्यात सर्वात खालच्या रेषेखाली असलेल्या प्रत्येक मुलीची गुणसूत्रांची तपासणी एकदा व्हायलाच हवी.

शालेय पोषण आहाराबद्दल एक विशेष मुद्दा. केंद्राच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या ताटात ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या ताटात ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम. डाळ वीस ग्रॅमवरून तीसवर जाते. ही रेषा इयत्तेवर आखली आहे, वाढीवर नाही. मुलींचा वाढीचा झपाटा मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षं आधी, म्हणजे चौथी-पाचवीतच सुरू होतो. ज्या वर्षी मुलीला सर्वात जास्त प्रथिनं आणि कॅल्शियम लागतं, त्याच वर्षी तिच्या ताटात लहान मुलाचं माप पडतं. पाचवीच्या वर्गाला सहावीचं माप द्या. मुलींना वेगळं आणि मुलांना वेगळं वाढण्याची गरज नाही, सगळ्या वर्गाला द्या. जानेवारी २०२५ च्या आदेशाने आठवड्याच्या अंड्याचा सरकारी निधी थांबला. तो या वयासाठी तरी सुरू हवा. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं असतात. आणि आठवीनंतर ताटच बंद होतं, नेमकं तेव्हा पाळीमुळे लोहाची गरज चढलेली असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार तेरा ते पंधराच्या मुलीला रोज ४३ ग्रॅम प्रथिनं, १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३० मिलिग्रॅम लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. आठवड्याची निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोहाची, जेवणानंतर आणि शिक्षकांसमोर गिळली गेली तरच उपयोग. चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते.

जाड मुलीचं दूध, तूप, अंडी बंद करण्याचा सल्ला आरोग्य कर्मचाऱ्यांनी देऊ नये. आयुष्यभराच्या हाडांतलं सुमारे चतुर्थांश कॅल्शियम झपाट्याच्या त्या दोन वर्षांत भरलं जातं. या वयात वजन उतरवायचं नसतं. ते आहे तिथे धरून ठेवायचं आणि उंचीला त्याच्याशी बरोबरी करू द्यायची. बंद काय करायचं तर बिस्किटाचे पुडे, फरसाण, रंगीत पेयं, डब्यातला रोजचा नूडल्स. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, नाचणी, ताक, शेंगदाणे, अंडं, हे राहू द्या. ‘उष्ण’ म्हणून अंडी, पपई, तीळ तोडले जातात, त्याने पाळी मागे जात नाही. ब्रॉयलर कोंबडीला हार्मोनची इंजेक्शनं देतात ही भीतीही खोटी आहे. ती झपाट्याने वाढते ती निवडलेल्या वाणामुळे आणि खाद्यामुळे.

क्रीडा विभाग आपल्याचकडे आहे, म्हणून खेळाडू मुलींविषयी. दोरीचा मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, लांब पल्ल्याचं धावणं, वजनगटातली कुस्ती, इथे बारीक राहण्याचा दबाव असतो. पाळी लांबणं म्हणजे सराव जोरात चाललाय, असं मानणारे प्रशिक्षक आजही आहेत. हिशेब असा करायचा. मुलीचं वजन ४२ किलो, चरबी १८ टक्के, म्हणजे चरबीवगळता वजन ३४.४ किलो. त्याच्या दर किलोमागे व्यायामाचा खर्च वजा जाता ४५ किलोकॅलरी उरायला हव्यात : सुमारे १५५०. सरावात ५०० जळत असतील तर जेवण २०५० चं हवं. ही उरलेली ऊर्जा दर किलोमागे तीसच्या खाली, इथे १०३० च्या खाली गेली की मेंदू बीजांडकोशांना जाणारे इशारे आवरते घेतो आणि हाडं भरायची थांबतात. हे आकडे प्रौढ स्त्रियांवरून आलेत. वाढत्या मुलीला जास्तच लागतं. अंगात चरबी पुरेशी दिसत असूनही रोजचा ताळेबंद तुटीचा असेल तर पाळी थांबते, हे विशेष लक्षात घ्यावं. क्रीडा प्रबोधिनींमध्ये पाळी सलग तीन महिने चुकलेल्या मुलीचा सराव कमी करून तिला डॉक्टरांकडे नेणं प्रशिक्षकावर बंधनकारक करा. सोळाच्या आतल्या मुलींनी उपाशी राहून, घाम काढून वजन उतरवण्यावर बंदी घाला. निवड चाचणीत केवळ लवकर वयात आल्यामुळे रुंद झालेल्या अकरा वर्षांच्या मुलीला ‘जड’ म्हणून वगळताना तिचा टप्पा पाहिला जावा.

शेवटी ज्या मुद्द्यावर आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटते तो. पाळीचा महिना लिहायला सांगताना आम्हाला त्याचा धोका ठाऊक आहे. पदर आला, शहाणी झाली, की पुष्कळ घरांत स्थळं पाहायला लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणून हा रकाना शाळेच्या कार्डावर उघड नको. शाळेच्या कार्डावर फक्त उंचीतला फरक असावा. वयात येण्याची माहिती पथकातल्या परिचारिकेच्या वहीत, नावाऐवजी क्रमांकाने, आरोग्य केंद्रात कुलपात. ती वही मुख्याध्यापक, पोलीसपाटील, नातेवाईक कुणालाही दाखवायची नाही. प्रश्न एकटीला, आडोशाला, स्त्री-कर्मचारीने विचारायचा : ‘पाळी सुरू झाली का? साधारण कोणत्या सणाच्या सुमारास?’ महिना आठवत नसला तरी मुलीला गणपती, दिवाळी, परीक्षा आठवतात. आणि वजन सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचणं आजच बंद करा. काट्याची पाटी मुलीकडे पाठ करून ठेवा, आकडा लिहा, पुढचीला बोलवा.

या वहीचा एक पानी नमुना, उंची घेण्याची चित्रं आणि पथकांसाठी अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाचा आराखडा आम्ही मराठीत तयार करून विनामूल्य देऊ. पुढच्या जूनच्या फेरीत निदान एका जिल्ह्यातल्या चौथी ते आठवीच्या मुलींसाठी तो वापरून पाहावा, आणि त्यासाठीचा आदेश एप्रिल संपण्याआधी निघावा, ही विनंती.

आपले,
किशोरवयीन मुलींच्या वाढीवर काम करणारे बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि परिचारिका